शालूताईनं अंगठा वर केला

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात शालूताईनं वाळूजची आपली खानावळ आठवडाभर बंद ठेवली आणि ती थायलंडला पाण्याखालच्या गुहा बघायला गेली. त्या उन्हाळ्यात शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. तिच्या माहेरी, कन्नड गावाच्या पुढं घाटाच्या कडेला, टँकर चालू होता. त्यामुळं बोलणाऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं. मी तिच्यासोबत होते, म्हणून घडलं ते सांगते.

शालूताईचं माहेर मेंढपाळाचं. वडील कडुबा, आई सुगंधाबाई, थोरला भाऊ अजिनाथ. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. मेंढरू पाण्याला बिचकतं, त्याला धरून कमरेच्या वर पाण्यात न्यावं लागतं. कडुबाला माणसं कमी पडायची, म्हणून शालू लहानपणापासून तळ्यात उतरायची. मेंढराच्या मानेत हात अडकवून ती पोहायला शिकली. ती सांगायची, “मेंढरं धुणं चालू हाय तवर मला कोन कायबी म्हनत नव्हतं. शेवटचं मेंढरू भाईर गेलं की आई काठावरनं वरडायची, शाले, आता काहून पाण्यात ऱ्हायलीस? निघ!”

म्हणजे कामासाठी पाण्यात असलेली पोर चालायची. नुसतीच पाण्यात असलेली चालायची नाही.

लवकर लग्न झालं आणि ती वाळूजला आली. नवरा रामहरी कंपनीच्या शिफ्टबसवर ड्रायव्हर. पुढं दोन लेकरं झाली. शेजारच्या खोलीतली पोरं रोज वडापाव खायची ते बघून तिनं त्यांना भाकरी थापून द्यायला सुरुवात केली. कंपन्या वाढल्या, खोल्यांवर खोल्या चढल्या, बिहारची, ओडिशाची पोरं आली आणि तिच्या हातची ज्वारीची भाकरी अन् पिठलं खायला शिकली. पत्र्याखालची खानावळ पक्क्या गाळ्यात गेली. मी तिथंच एका कंपनीत पर्चेसला होते. माझं माहेर बिडकीनचं. दुपारचा डबा मी तिच्याकडून घ्यायची. तशी ओळख झाली.

तिला पोहण्याच्या तलावावर नेलं मीच. बायकांची सकाळची बॅच होती, शिकवायला नसरीन. नसरीन एका शाळेत पीटीची टीचर, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. पहिल्याच दिवशी शालूताई पंजाबी ड्रेससकट पाण्यात शिरली आणि डोकं वर ठेवून, हात न उडवता, सरळ पलीकडच्या काठाला लागली. नसरीन बघतच राहिली. “ये कौनसा स्ट्रोक है?”

“मेंढराचा,” शालूताई म्हणाली.

पुढच्या काही वर्षांत आम्ही तिघी तारकर्लीला गेलो, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरलो, रीतसर कोर्स केला. परत गेलो, पुन्हा गेलो. दर वेळी घरी सांगायला शालूताईकडं काहीतरी कारण असायचं. कधी देवदर्शन, कधी माझ्या आत्याकडचं लग्न. एकोणीस साली मात्र तिनं कारण सांगायचं बंद केलं.

त्या मार्चमध्ये पाणीटंचाईमुळं तलाव बंद झाला. ते योग्यच होतं, आम्हीही काही बोललो नाही. नसरीननं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. दक्षिण थायलंडमध्ये चुनखडीच्या डोंगरांच्या पोटात गोड्या पाण्याची कुंडं, वरून छत फुटून ऊन आत उतरलेलं, त्या उजेडात माणसं तरंगतायत. “सुट्टी में चलते क्या?” तिनं नुसतं विचारलं. शालूताई म्हणाली, “चला.”

रामहरीभाऊ बिचारे तापट नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “कशासाठी पण?”

“पोहायला.”

“त्ये झालं. पर कशासाठी?”

“तुमी टपरीवर दोन-दोन घंटे पत्ते कुटता, मी कधी इचारलं का कशासाठी?”

रामहरीभाऊंनी तो विषय सोडला. मग म्हणाले, “खानावळीचं काय?”

“बंद ऱ्हाईल. जेवनाऱ्यांना सांगितलंय. तुमचं अन् लेकरांचं जेवण आशाबाई आणून देईल.” आशाबाई तिच्याकडं भाकरी थापायला होती.

अजिनाथनं फोनवर सरळ सांगितलं, जायचं नाही. गावात लोक टँकरच्या मागं पळतायत आणि आपल्या घरची बाई परदेशात डुबक्या मारायला जाते, हे बरं दिसत नाही. शालूताई म्हणाली, “दादा, मी न गेल्यानं हिरीला पाणी येनार असंल तर सांग, आत्ता तिकीट रद्द करते.” त्यानं फोन ठेवला.

तिथं आमची गाईड होती नोई. तिशीतली बाई, काळीसावळी, दंड भरलेले. तिला मराठी येत नव्हतं, शालूताईला इंग्रजी जेमतेम. पण पाण्याखाली बोलायचंच नसतं. नोईनं पहिली सकाळ किनाऱ्यावरच खुणा शिकवण्यात घालवली. बोटांचं कडं केलं की ठीक आहे. गुहेत एक दोरी आधीपासून लावलेली असते, तिच्यापासून हातभराहून लांब जायचं नाही. पाय जोरात मारायचे नाहीत, तळाचा गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही. आणि अंगठा वर. अंगठा वर म्हणजे शाबास नव्हे. अंगठा वर म्हणजे मी परत निघाले. एकानं अंगठा वर केला की सगळे फिरतात. कुणीही कुणाला का म्हणून विचारायचं नाही, पाण्यात नाही आणि बाहेर आल्यावरही नाही.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा शालूताईनं मला दोनदा विचारलं. “का म्हनून इचारायचंच नाय?”

“नाही.”

“कुनीच?”

“कुणीच नाही.”

ती नोईकडं बघून हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो. झाडीत दडलेलं हिरवंगार कुंड, वरून पाहिलं तर आपल्याकडच्या मोठ्या विहिरीएवढंच. खाली गेलं की भिंती मागं सरत जातात आणि कळतं, आपण एका प्रचंड दालनाच्या छताला पडलेल्या भोकातून आत आलोय. पाणी इतकं स्वच्छ की आपण हवेत लटकलोय असं वाटावं. नोई पुढं, मग नसरीन, मग मी, शेवटी शालूताई. दोरी एका बुटक्या कमानीखालून जात होती. कमानीपलीकडं दुसरं दालन, तिथंही वरून ऊन येतं असं नोईनं सांगितलं होतं. कमानीखाली माझा पाय तळाला लागला. गाळ उठला. मी पुढं सटकले आणि मला समोर तो निळा उजेड दिसलासुद्धा.

तेवढ्यात नोईनं मागं बॅटरीचा झोत टाकला. गाळाच्या ढगातून एक हात आला होता. एका मुठीत दोरी गच्च. मग दुसरा हात वर आला, अंगठा ताठ.

नोईनं क्षणभरही वाट पाहिली नाही. तिनं आम्हालाही अंगठा दाखवला आणि सगळ्यांना फिरवलं.

वर आल्यावर नसरीननं तोंडातली हवेची नळी काढली आणि ती भडकली. “क्या शालू! इत्ते दूर आको आधे रस्ते से पल्टी? सामने रोशनी दिख री थी!”

“तुला दिसली असंल. मला नाय दिसली.”

“दो मिनिट की बात थी!”

शालूताईचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत होता. “हे बघ नसरीन. मी इथं कुनाच्या सांगन्यावरनं आले नाय. कुनाच्या सांगन्यावरनं फुडं बी जायची नाय.”

नसरीन पाठीवरच्या सिलिंडरचे पट्टे सोडायला लागली. गाळ माझ्या पायानं उठला होता हे मी शालूताईला लगेच सांगितलं, तर ती म्हणाली, “असू दे, पाय हाय, लागायचाच.” नोईनं तिला गरम चहा आणून दिला आणि खरंच काही विचारलं नाही.

संध्याकाळी अजिनाथचा फोन आला. सकाळी उतरण्याआधी शालूताईनं एक फोटो स्टेटसला ठेवला होता: अंगाला चिकटलेला काळा रबरी सूट, कपाळावर चढवलेला गॉगल, तोंडभर हसू. तो फोटो माहेरच्या गावात मोबाईलवरून मोबाईलवर फिरला होता. तिनं फोन स्पीकरवर टाकला, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

“काय घातलंय हे अंगात? वय काय तुझं? दोन पोरांची माय तू!”

“पान्यात लुगडं घालून सिलिंडर बांधत नसत्यात दादा.”

“लोक माझ्या तोंडावर हसायलेत. आपल्या गावचा तो कारभारी म्हनला, तुमच्या शालूला सांगा, येताना चार हंडे भरून आन. आत्ताच्या आत्ता तो फोटो काढ.”

शालूताईनं हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, काढणार. सकाळचा धसका अजून अंगात होता.

“काढते,” ती म्हणाली. फोन ठेवला. मला म्हणाली, “प्रेरणा, हा लई लांबून घेतलाय. नीट दिसत नाय. जवळून एक काढ.” तिनं सूट पुन्हा अंगात चढवला, पायात पोहायचे लांब पंखे घातले आणि पाण्याकडं पाठ करून उभी राहिली. स्टेटसवरचा पहिला फोटो काढून तिनं तो दुसरा ठेवला. नसरीन हसत हसत वाळूत आडवी झाली. दोघींचं सकाळचं तिथंच मिटलं.

तिसऱ्या दिवशी नोईनं तिला विचारलं, आज कुठपर्यंत? शालूताईनं बोटानं हवेत कमान काढली आणि तिच्या पलीकडं बोट नेलं. “पर मी सगळ्यात फुडं,” ती मला म्हणाली. “कुनाच्या मागं नाय.” वाट दाखवायला नोई पुढं, तिच्या लगेच मागं शालूताई.

मी मागून बघत होते. कमान आली तशी ती थांबली. बुडबुडे भराभर निघत होते. नोई पलीकडं वळून थांबलेली, घाई नाही, खूण नाही. शालूताईनं डोळे मिटले असावेत, कारण तिचं डोकं खाली झुकलं. बुडबुडे हळूहळू सावकाश झाले. मग तिनं दोरीभोवती बोटांचं कडं केलं आणि पाय न हलवता, नुसत्या बोटांनी दगडाला हलकं रेटत, कमानीखालून गेली. तळाचा एक कण उठला नाही.

पलीकडं गेल्यावर मी तिच्या शेजारी आले. छताला एक फट होती आणि तिच्यातून ऊन तिरपं उतरून थेट तळापर्यंत आलं होतं, खांबासारखं. शालूताईनं आपली बॅटरी विझवली. हात लांब करून उजेडात घातला, उलटा केला, सुलटा केला. मग पूर्ण त्या उन्हात शिरून पाठीवर झाली आणि तरंगत राहिली. ती काहीच करत नव्हती. निघायचं का, असं नोईनं हातानं विचारलं तेव्हा तिनं मान हलवून नाही म्हटलं. सिलिंडरातली उरलेली हवा बघून नोईनं आणखी थोडा वेळ दिला.

परत आल्यावर आठच दिवसांत ती माहेरी गेली. बोलावलं नव्हतं कुणी. मी गाडी घेऊन सोबत होते. वेशीजवळ टँकर नुकताच लागला होता, पाइप विहिरीत सोडलेला, भोवती पन्नासेक माणसं, कळशा, प्लास्टिकचे ड्रम. आमची गाडी तिथंच अडली. शालूताई खाली उतरली.

कारभारी गावातला वजनदार माणूस, मोटारसायकलला टेकून उभा होता. मोठ्यानं म्हणाला, “काय शालूबाई, आनलं का पानी परदेशातनं?”

काही जण हसले. अजिनाथ ड्रम धरून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

“नाय आनलं,” शालूताई म्हणाली. “गावासाठी गेलेच नव्हते. माझ्यासाठी गेल्ते.”

“इथं बाया पान्यावाचून तडफडायल्यात अन् तुला मजा सुचती?”

“व्हय, सुचती. कारभारीभाऊ, सोसायटीच्या इलेक्शनला तुमी सगळे गोव्याला गेल्तात. गाडी भरून. तवा बी टँकरच चालू होता. तवा इथं हंडे घेऊन कोन उभं होतं? ह्याच बाया. तुमाला कुनी इचारलं का, कशासाठी गेल्ता? समुद्रातलं पानी आनलं का?”

आता बायका हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग एक म्हातारी मोठ्यानं, मग सगळ्याच. कारभारीनं मोटारसायकलला किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली.

“अन् हिरीत गाळ भरलाय कवापासनं,” शालूताई थांबेना, “तो काढायचा ठराव झाला तर मला सांगा. मी कुदळ घेऊन येते. पर माझी सुट्टी माझी हाय.”

अजिनाथही गोव्याच्या गाडीत होता. तो तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “घरी येऊ नको. चार लोकांत माझी इज्जत काढलीस. माफी मागशील तवा ये.”

“माफी नाय मागनार,” ती म्हणाली. “अन् घरी येनार. घर आईचं बी हाय.”

ती पुढं चालू लागली. मी गाडी तिथंच सोडून मागं गेले. सुगंधाबाई ओसरीत बसल्या होत्या, दृष्टी अधू झालेली. लेकीचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढं केला, तिच्या दंडावरून फिरवला, जणू काही मोडलंय का बघत होत्या.

“लई खोल होतं का गं?”

“लई.”

“भ्यालीस?”

“एकदा भ्याले. परत आले. दुसऱ्या दिशी परत गेले.”

सुगंधाबाईंनी तिचा दंड दाबला. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, “पोरींना भाकरी वाढ. अन् अजिनाथला सांग, त्याला यायचं आसंल तर ये म्हनाव, न्हायतर ऱ्हा भाईर.”

अजिनाथ आला नाही. अंगणात बाजेवर पाठ करून बसून राहिला. त्याला अजूनही राग आहे. शालूताई दर सणाला माहेरी जाते. ती आली की तो मेंढरांकडं निघून जातो, ती गेली की परत येतो. तिला याचं वाईट वाटतं. एकदा गाडीत ती रडलीसुद्धा. पण माफी मागण्याचा विषय मी काढला तेव्हा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “प्रेरणा, तू गाडी चालव.”