साक्षीसाठी जुनेर

ऐक गो बाय. देवरूखला राहतेस म्हणून माझं बोलणं वाऱ्यावर सोडू नकोस. काल फोनवर काय म्हणालीस? "मावशी, मिशनच्या हॉस्टेलवाले म्हणतात, पाहुण्यांपुढे साक्ष द्यायला जुना ड्रेस घालून ये. देवावर भरवसा ठेवून घालते."

शहाणीच आहेस. भरवसा एवढा स्वस्त कधी झाला? फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

नाताळची संध्याकाळ होती. मी निळी साडी नेसून बाईंच्या अंगणात आले. तुझ्या काकांनी आणलेली, त्यांचं अर्धं अंग लुळं पडायच्या आधी. बाई म्हणजे आमच्या मंडळीतलं, चर्चमधलं मोठं घर. आंब्याच्या बागा, चिरेबंदी बंगला, देवळात पहिला बाक. काका अंथरुणाला खिळले तेव्हा बाईंनी आम्हाला मागची पडवी दिली. आणि भांडी, अंगण, त्यांच्या सासूबाईंचं न्हाणंधुणं माझ्या गळ्यात घातलं. वर दर नाताळात पाहुण्यांपुढे माझी साक्ष, देवाने आम्हाला कसं तारलं ते सांगायचं.

त्या दिवशी मुंबईचे पाहुणे आले होते. बाईंनी मला पायापासून वर बघितलं.

"लग्नाला निघालीस काय? ते ठिगळाचं जुनेर नेस. आपण कुणाला आधार दिलाय ते लोकांना दिसायला हवं."

पाहुणे ऐकत होते. त्यातली एक हसली. मी मान खाली घालून पडवीत गेले. साडी सोडली. जुनेर हातात घेतलं. दर वर्षी तेच नेसत होते ना, यंदा काय नवीन.

काका खाटेवरून बघत होते. तोंड वाकडं झालेलं, एकेक शब्द ओढून काढायचे. म्हणाले, "देवापुढे जातेस की बाईपुढे?"

बस. एवढंच.

मी निळी साडी परत नेसले.

माईक हातात आला. मोबाईल वर झाले. पाठ करून घेतलेलं मला येत होतं, आम्ही उपाशी होतो, देवाने बाईंना धाडलं. ते नाही म्हटलं. म्हटलं, "सलाम. माझा नवरा बरा झालेला नाही. रोज मागते, रोज भांडते, तरी नाही. तरी माझा भरवसा ख्रिस्तावर आहे. तो मला जुनेर नेसून ये म्हणत नाही. आणि पडवी फुकटची नाही. मी तिथे राबते."

कुणी आमेन म्हटलं नाही. चर्चच्या पाळकांनी माझ्या हातातला माईक घेतला. "आपण एक गीत घेऊ या."

बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "उद्या पडवी रिकामी कर. बघू तुझा देव तुला कुठे ठेवतो."

"माझा देव? मग तुमचा कुठला, बाई?"

दुसऱ्या दिवशी काकांना टेम्पोत घालून मांडवीला आणलं. एका मासेवालीने मागची खोली दिली. म्हणाली, "तुझा देव तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी. सुकी मासळी निवडशील ना? मग रव्ह." तिथेच पावसाळ्याच्या तोंडावर काका गेले. चमत्कार झाला नाही गो. मंडळीत बोलणं झालं, बाईंना दुखावलं, म्हणून देवाने दाखवलं. मातीला आलेली माणसं हे बोलत होती. मी देवाला विचारलं, खरं का? मी अजून विचारते. सोडलेलं नाही मी त्याला, आणि सोडणारही नाही. पण माझं दैन्य मांडून दुसऱ्याचा मोठेपणा दाखवायचा, ही भक्ती नाही. ते मी मरेपर्यंत करणार नाही.

आता दर रविवारी मी पहिल्या बाकावर बसते. बाईंच्या शेजारी. निळी साडी, अंगाला मासळीचा वास. त्या नाकाला रुमाल लावतात. "जरा मागे बस," म्हणतात. मी हलत नाही.

तुला साक्ष द्यायचीच असेल तर पुरती दे. जुना ड्रेस घाल म्हणणारा कोण, तेही त्या माईकवर सांग. मग हॉस्टेलातून काढलंच त्यांनी, तर माझी खोली आहे.

आणि तसंही लवकर ये गो मांडवीला, रविवार धरून ये. बाकावर जागा धरते तुझी. चांगला ड्रेस अंगावर घालून ये, पिशवीत घालून नको.