चावीवाल्या मामांचा कान

चावीवाले मामा पाणी कानानं ओळखायचे. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात ती लांब लोखंडी चावी बसवायची, तिच्या दांड्याला कान लावायचा आणि सांगायचं, "शाळंम्होरं लाइन फुटलीय." खणलं की तिथंच फुटका पाईप निघायचा. मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा कारकून. ही करामत मी वर्षानुवर्षं पाहिली.

आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात पाणी सोडणाऱ्याला कोण चहा पाजणार नाही? पण मामा कुणाच्या उंबऱ्याला शिवत नसत. म्हणायचे, "एका घरचा च्या पिला की दुसऱ्याचं पाणी कमी व्हतं."

टेकावरच्या गल्लीला पाणी सोडताना ते आधी पार टोकाचा व्हॉल्व्ह उघडत आणि फुसफुस थांबेपर्यंत तिथंच उकिडवे बसत. मी घाई केली की म्हणत, "आधी हवा जाऊ द्या सायेब. हवेनं तहान भागत न्हाय."

मग आमचं गाव स्मार्ट करायचं ठरलं. पाईपांवर मोजणारी यंत्रं, आपोआप फिरणारे व्हॉल्व्ह, कार्यालयात भिंतभर पडदा. गळती कळेल, पाणी वाचेल, हे मलाही पटलं होतं. माहिती भरायचं काम माझ्याकडं आलं. मामांनी आठवडाभर मला गावभर हिंडवलं, हातचं काही राखलं नाही. मी सगळं लिहिलं. हवा सोडायच्या टोकाच्या व्हॉल्व्हचं तेवढं गाळलं, कारण तक्त्यात हवेसाठी रकाना नव्हता.

माहिती भरून झाली आणि कंत्राटावरच्या मामांची गरज संपली. कामावरून कमी केल्याचा कागद मीच त्यांच्या हातात दिला. चावी टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं, "समदं लिव्हलं नव्हं?"

"हो मामा," मी बेशरमपणे म्हणालो.

उन्हाळ्यात टेकावरच्या बाया रिकामे हंडे घेऊन कार्यालयात आल्या. पडद्यावर त्यांच्या गल्लीपुढं हिरवा ठिपका होता. नळातून नुसती हवा येत होती आणि यंत्र तीच पाणी म्हणून मोजत होतं. आमचे मोठे साहेब म्हणाले, "डेटा खोटं बोलत नाही." खोटं मी बोललो होतो.

मी सास्तूर गाठलं. मामा आता तिथं लेकाकडं राहत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"टोकाचा व्हॉल्व्ह?"

"नव्या कामात बुजवला. तक्त्यात नव्हता."

"म्हंजी लिव्हलं न्हाय तुमी."

मामा उठले, आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

"प्या सायेब. ह्यात हवा न्हाय."

परत येऊन मी काय गाळलं ते मोठ्या साहेबांना सांगितलं, लेखी दिलं. टेकावरच्या गल्लीपुढचा ठिपका अजून हिरवाच आहे.