काळ्यासकट पांढरी

फुकट मिळणाऱ्या वस्तूचासुद्धा भाव करणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या नात्यात निघाला. आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा आहे. उभी हयात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकण्यात गेल्यामुळे समोरच्याने सांगितलेला आकडा जसाच्या तसा मान्य करणं त्यांना जमतच नाही. डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं सांगितली की हे "तीनात बसवा" म्हणतात. मुलीच्या लग्नात गुरुजींनी मुहूर्ताची वेळ सांगितली, तर यांनी "पाव्हण्यांना घोटीला परत जायचंय, जरा अलीकडं घ्या" अशी घासाघीस करून ग्रहताऱ्यांकडूनही दहा मिनिटं सोडवून घेतली. एकदा मी न राहवून विचारलं, यात तुम्हाला मिळतं तरी काय? ते शांतपणे म्हणाले, "भाव न करता माल घेतला तर त्या माणसाला काय वाटंल? याला आपल्याशी बोलायचंच नव्हतं."

दोन वर्षांपूर्वी थोरली, म्हणजे त्यांची बायको, गेली आणि त्यांचा भाव उलटा फिरला. माझी बायको फोनवर म्हणायची, "दाजी, दोन दिवस राहायला या." ते म्हणायचे, "राहायला नको धाकले, जेवायला येतो." जेवायचा दिवस उजाडला की "जेवण राहू दे, चहाला येतो." आणि खरंच आले की दाराजवळच्या खुर्चीवर, चपला दिसतील असे बसून, "अर्धाच दे" म्हणायचे. पुढे तो अर्धाही कमी होत गेला. साडूपणा दोन बहिणींना टांगलेला असतो. एक बाजू सुटल्यावर तो धरून कसा ठेवायचा हे त्यांना उमगत नव्हतं, आणि मलाही नाही. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. लिफ्टकडे येणाऱ्या माणसासाठी न थांबता वर निघून आलो तरी माझी संध्याकाळ नासते. इथे तर कारण होतं. ओझरहून कामावरून परतताना मळ्याकडे वळायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज सरळ घरी येत होतो. तेव्हा त्यांच्या कांदे साठवायच्या चाळीत उंदीर झाल्याचं कानावर आलं, तसं मी घाईघाईने मांजर सुचवलं. उंदरांचं निमित्त होतं. त्या घरात माझ्याऐवजी कुणीतरी असावं, एवढाच माझा हेतू होता.

शहराबाहेर सोडून दिलेल्या जनावरांचा सांभाळ करणारी एक जागा आहे, तिथे मी त्यांना घेऊन गेलो. साडू बाकावर टेकले न टेकले तोच एक पांढरी मांजरी त्यांच्या धोतरावर येऊन बसली. तिच्यामागून एक काळा बोका आला. कान फाटलेला, वय झालेलं, चेहरा कर्ज वसुलीला आल्यासारखा. तिथली मुलगी म्हणाली, "काका, ही दोघं एकत्रच द्यायची आहेत. एकाच घरातून आलीत. वेगळं केलं की दोघंही खाणं सोडतात."

साडूंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "ताई," ते तिला म्हणाले, "वर ताज्या जुड्या न् खाली कोमेजलेल्या, अशी पेंडी मी पण लय बांधली. पांढरी द्या. काळ्याचं पुढच्या खेपेला बघू."

"पुढची खेप नाही काका. काळ्यासकट पांढरी."

"बरं, काळा महिन्याभरानं नेतो."

"दोघं आज, नाहीतर कुणीच नाही."

पैशाचा प्रश्नच नव्हता, तरी अर्धा तास सौदा चालला. पांढरी तोवर धोतरावर झोपून गेली आणि साडूंची बाजू लंगडी पडली. शेवटी दोघांना एका टोपलीत घातलं. मुलीने विचारलं, "वेगळं नाही ना करणार?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "नाही." असं विचारलं की मी नेहमीच छातीवर हात ठेवतो.

मळ्याच्या फाट्यावर साडूंनी गाडी थांबवायला लावली. "पांढरी मला, काळा तुला."

"अहो, आपण शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. आणि वेगळं कुठं करतोय? तुझं घर न् माझं घर काय दोन आहेत?"

वर्षभरात मी किती वेळा त्यांच्या दारात गेलो, हे ते विचारतील अशी मला धास्ती. मी टोपलीतून पांढरी काढून त्यांच्या हातात दिली आणि काळ्याला घेऊन घरी आलो.

काळा आमच्याकडे आला तो चपलांच्या स्टँडशेजारी बसला. दाराकडे तोंड करून. मासा ठेवला, अंडं ठेवलं, वाटी पायाशी सरकवली, त्याने वास घेतला आणि मान फिरवली. बायको दुरून बघत होती. म्हणाली, "अहो, हा अगदी दाजींसारखा बसतो." मी साडूंना फोन केला. "पांढरी कशी आहे?" "मजेत. तुझा काळा?" "तोही मजेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच बोलणं झालं, पण दोघांचाही आवाज खाली आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने टोपली आणून माझ्यासमोर ठेवली. "आता कामावर जाऊ नका, आधी मळ्यावर जा. उपाशी जनावर मला घरात बघवत नाही."

मळ्यावर पोचलो तेव्हा ओसरीवरून साडूंचा आवाज येत होता. मी थांबलो. ते भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले होते, समोर खाटेखाली पांढरी. त्यांच्या हातात उकडलेल्या माशाची ताटली होती. "बरं, एवढं नको, अर्धं खा," ते म्हणत होते. बोटांनी तुकडा मोडला. "अर्धं नको? त्याच्या अर्धं घे." पुन्हा मोडला. "बरं बाई, तुझं राहू दे न् माझं राहू दे, हा एवढुसा. याच्याखाली मला परवडत नाही गं." बोटाच्या टोकावर उरलेला तो कण धरून ते वाट बघत होते. पांढरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी टोपलीचं झाकण काढलं. काळा उतरला, आमच्या दोघांची दखलही न घेता खाटेखाली गेला आणि तिचा कान चाटू लागला. बराच वेळ चाटत होता. मग आधी ती उठली, मागून तो, आणि दोघांनी साडूंच्या मांडीला टेकून ती ताटली साफ केली.

साडू बोटाला लागलेला कण पुसत म्हणाले, "पोरगी खरं बोलत होती रे. मला वाटलं, माल खपवते." मग ताटली बाजूला सारून म्हणाले, "थोरली गेल्यापासून मी तुमच्या घरी घास मोडायला कचरतो. तिच्याबिगर माझं तिथं काय, असं होतं." मला खूप बोलायचं होतं. मी येत नाही, यायचं टाळतो, मांजरही त्यासाठीच सुचवलं, हे सगळं. पण ते मांजरांकडे बघत होते आणि माझी कबुली ऐकायची त्यांना काही गरज दिसत नव्हती. मी एवढंच म्हणालो, "रविवारी चहाला या." जास्त मागितलं की ते कमी करत जातात, म्हणून मीच खालून सुरुवात केली होती.

त्यांनी माझ्याकडे नवख्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. "नुसता चहा? जेवायला येतो."

"मग सकाळीच या. आठला."

"आठला लय लवकर होतं. या दोघांचं करून निघायचं म्हणजे दहा."

"साडेआठ."

"साडेनऊ."

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ," ते म्हणाले, आणि सौदा पक्का झाल्यावर देतात तशी माझ्या हातावर टाळी दिली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणिक मळत होती, तिचा हात थांबला. थोरली असताना ती दोघं रविवारी नऊलाच यायची.