मिरजगावचा समुद्र

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण परमेश्वराने समुद्र चुकीच्या जागी ठेवला असून तो उचलून मिरजगावात आणणं ही आपली जबाबदारी आहे, असं प्रामाणिकपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. मिरजगावात हमरस्त्याला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेली मोटार त्यांच्या हाताखालून गेली की पुन्हा चालते, हे पंचक्रोशीला मान्य आहे. अडचण एवढीच, की मोटार कळली म्हणजे पाणी कळलं आणि पाणी कळलं म्हणजे बाकीची सृष्टी आपोआप कळली, असा त्यांचा समज आहे. त्यामुळे दवाखान्यात गेले की नाडी कशी धरायची हे ते डॉक्टरांना सांगतात, आणि लग्नात अक्षता कोणत्या कोनातून टाकाव्यात हे वऱ्हाडाला. वाक्याची सुरुवात नेहमी 'शास्त्र असं सांगतं' अशी. कुठलं शास्त्र, असं मी एकदा विचारून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, शास्त्र एकच असतंय. तुमच्याकडं नगरला दोन हायेत का?"

समुद्राची सुरुवात दाढेपासून झाली. दाढ काढायला म्हणून ते पुण्याला एका दातांच्या दवाखान्यात गेले. तिथे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे फिरत होते. साडूंचा नंबर आला, गेला, पुन्हा पुकारला गेला, पुन्हा गेला. शेवटी दवाखाना बंद करायला आलेल्या बाईंना ते टाकीचा पंप कसा चुकीचा बसवला आहे हे समजावून सांगत होते. घरी आले ते दाढेसकट. सुजलेल्या गालाने त्यांनी अक्कांना सांगितलं, "आपल्या घरात समुद्र करायचा."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लवंगेचं तेल आणायला त्या आत गेल्या. ताप डोक्यात गेला असावा, असं त्यांना वाटलं.

टाकी आली कांद्याच्या रिकाम्या टेम्पोतून, गोधड्यांत गुंडाळून. टेम्पोवाल्याने उतरवता उतरवता विचारलं, "ह्याच्यात काय ठिवायचं हाय?"

"समुद्र," साडू म्हणाले.

टेम्पोवाल्याने गोधडी बाजूला सारून पाहिलं. "मग ह्याला झाकान न्हाई का?"

ज्या गावात बोअरचं पाणी खारट निघालं म्हणजे माणूस कपाळाला हात लावून बसतो, त्या गावात हे गृहस्थ चांगलं गोडं पाणी विकत आणून ते खारट करू लागले. अक्कांना हे काही केल्या उमगेना. "आवो, आपल्या बोरचं पानी काय कमी खारं हाय? तेच वता की," त्या म्हणाल्या. त्यावर साडूंनी समुद्राचं मीठ आणि बोअरचं मीठ यांतला फरक इतका वेळ समजावला, की तोवर आमटी करपली. मिठाची गोणी खास समुद्राची म्हणून कुठून कुठून मागवलेली. लोक शेजारच्या जारवाल्याकडून प्यायला पाणी नेत, आणि साडूंच्या दारात मात्र जारांची रांग माशांसाठी लागलेली. तेव्हा मासा एकही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

टाकीबरोबर आलेला पंप त्यांनी तळहातावर तोलला आणि "हे खेळणं हाय" म्हणून बाजूला ठेवला. त्या जागी त्यांनी दुकानातली मोटार बसवली. बटण दाबताच मिरजगावचा समुद्र पहिल्याच दिवशी खवळला. तळाची वाळू छताच्या पंख्यापर्यंत गेली, भिंतीवरचे देव भिजले, आणि सोफ्यावर बसलेला मी खाऱ्या पाण्याने न्हाऊन निघालो. साडूंनी चष्मा पुसला. म्हणाले, "दाब बरा हाय." दुसऱ्या दिवशी ते खेळणं मुकाट्याने आपल्या जागी गेलं होतं. त्याविषयी घरात कोणी बोलायचं नाही, असं ठरलं.

पुढे कित्येक दिवस टाकीत फक्त पाणी आणि दगड होते. नवीन खाऱ्या पाण्यात लगेच मासे सोडले तर ते मरतात, आधी पाण्यात चांगले जंतू वाढावे लागतात, हे खरंच आहे म्हणे. पण ही बातमी गावात पोचायच्या आधी समुद्राची बातमी पोचली होती. माणसं चपला काढून आत येत, दगडांकडे पाहत, चहा पीत आणि विचारत, "मासं कुठं हायेत?"

"आदी पाणी पिकलं पायजे," साडू सांगत. "आंब्याची अढी लावतो का न्हाई आपण? तसं."

शेजारचे एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी येऊन टाकीवर नाक नेऊन वास घेत आणि "अजून कच्चं हाय" असं सांगून जात. साडूंना राग यायचा, पण म्हाताऱ्याचा अंदाज त्यांनी केलेल्या पाण्याच्या तपासणीशी जुळायचा, त्यामुळे बोलता येत नव्हतं.

शेवटी दोन नारिंगी मासे आणि एक लाल पट्ट्याची कोळंबी पुण्याहून आली. एसटीत साडूंनी तो डबा मांडीवर धरला होता, आणि शेजारच्या प्रवाशाने खिडकी उघडली तर वारा लागेल म्हणून त्याच्याशी भांडण केलं होतं. आमच्या भागात माशाबद्दल माणसाच्या मनात एकच प्रश्न येतो, आणि तो प्रत्येकाने विचारला. "खायाचे का?" साडू इतके दुखावले की त्यांनी काही दिवस पाहुण्यांना चहा देणं बंद केलं.

कोळंबीचं प्रकरण तर विसरण्यासारखं नाही. एका सकाळी ती तळाशी निष्प्राण पडलेली दिसली. साडूंनी दुकान बंद ठेवलं, तिला चमच्याने अलगद बाहेर काढलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरलं. मला फोन करून कळवलंही. दुपारी अक्का माशांना खायला घालायला गेल्या, तर दगडामागून कोळंबी धडधाकट चालत आली. वाढताना ती अंगावरचं कवच टाकते, आणि साडूंनी तेवढंच पुरलं होतं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "तिनं नुसता सदरा बदलला," त्या म्हणाल्या, "आन तुमी तिची माती उरकून आलात."

त्या सुमारास मला एक गोष्ट दिसू लागली. मासे साडूंकडे ढुंकून पाहत नसत, पण अक्का खोलीत आल्या की काचेशी धावत. अक्काही त्यांच्याशी बोलत. भाजीचे भाव, लेकीचा फोन आला की नाही, असलं सगळं. लेक परदेशी गेल्यापासून अक्कांना इतकं बोलताना मी फारसं ऐकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात, आम्ही सहज मुक्कामाला गेलो असताना, गल्लीचं रोहित्र जळालं. वीज गेली ती गेलीच. दुपारपर्यंत इन्व्हर्टरही मान टाकून बसला. पंप थांबला, पाणी तापू लागलं, आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. साडू दुकानातून जनरेटर आणायला धावले, तर तो आदल्याच दिवशी एका लग्नाला गेला होता. ते परत आले आणि टाकीसमोर नुसते उभे राहिले. काय करावं हे त्यांना ठाऊक नाही, असं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

अक्कांनी तांब्या घेतला. टाकीतलंच पाणी भरून त्या उंचावरून परत टाकीत सोडू लागल्या, म्हणजे हवा मिसळेल.

"असं चालत न्हाई," साडू पुटपुटले.

"मग तुमी सांगा कसं चालतं," अक्का म्हणाल्या. हात थांबला नाही.

साडू बाहेर गेले आणि ज्या शेजाऱ्यांना त्यांनी आजवर फक्त सल्ले दिले होते, त्यांच्या दारात उभे राहून म्हणाले, "जरा हात लावायला येता का?" माणसं आली. वास घेणारे म्हातारेही आले. कोणी गोळेवाल्याकडून बर्फ आणला, तो पिशवीत बांधून पाण्यात सोडला. तांब्या हातोहात फिरत राहिला, आणि त्या दुपारी त्या खोलीत मासे खायचे का, हे कोणीही विचारलं नाही.

संध्याकाळी वीज आली. एक मासा आणि कोळंबी जगली. मोठा मासा गेला. साडूंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, खरंच गेला आहे ना याची खात्री करत राहिले, आणि मग अक्कांकडे दिला. दुसरा आणू, मी म्हणालो. "बघू," ते म्हणाले.

त्या दिवाळीनंतर आम्ही दोघांना कोकणात घेऊन गेलो. गाडीतच मला कळलं की साडूंनी समुद्र कधीच पाहिलेला नव्हता. किनाऱ्यावर पोचल्यावर अक्का साडी वर धरून सरळ पाण्यात शिरल्या आणि लाट आली की माझ्या बायकोचा हात धरून हसू लागल्या. साडू माझ्याजवळ थांबले. मी वाट पाहत होतो, लाटा चुकीच्या बाजूने येतायत असं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, एवढं पाणी. आन कुणाला काय करावं लागत न्हाई."

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आणि पाण्यापर्यंत न जाता ओल्या वाळूवर तसेच उभे राहिले.