सांगलीत दिसायचं, पलूसला नाही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनंच रहिमतपूरहून येऊन सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, "पोरगी गुणाची हाय, पण तापट हाय. संभाळून घ्या." त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "घेतो की आमी. तवा तापल्याबिगर भाकरी हुती व्हय?"

तर ऑफिसच्या लॅपटॉपचा कॅमेरा बंद पडला, तेव्हा मी आधी लॅपटॉपवर चिडले, मग कंपनीवर आणि मग नवऱ्यावर. नवऱ्याची चूक एवढीच की तो समोर चहा पीत बसला होता.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम पलूसच्या घरात बसून करते. काम म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवणं. "बंद करून परत चालू करा" हे वाक्य दिवसभर लोकांना ऐकवून मी पोट भरते. आता तेच वाक्य स्वतःला ऐकवायची वेळ आली. बंद केला, चालू केला. कॅमेऱ्याशेजारचा बारका दिवा छान पेटायचा, आणि मीटिंगमध्ये माझ्या नावाच्या चौकोनात मात्र काळाकुट्ट अंधार. बाकीच्या चौकोनांत माणसं, माझ्या चौकोनात अवस.

एरवी मी म्हटलं असतं, मरू दे तिकडं, आवाज तर जातोय. पण नेमके तेव्हाच आमच्याकडं नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, ज्याचा चेहरा दिसत नाही तो काम करतो की झोपा काढतो, हे कसं कळायचं? मला त्यांनी गोड आवाजात सांगितलं, "शुक्रवारी आपण तुमच्या घरून कामाचं ठरवू. कॅमेरा चालू असू द्या. नसेल जमत, तर पुण्याला या, इथं खुर्ची आहे."

इथं खुर्ची आहे म्हणे! नवऱ्याची शाळा पलूसला, लेक आत्ता कुठं भिंतीला धरून चालायला लागलेली. मी पुण्याला जायचं तर लेकीला इथं ठेवायचं, नाहीतर तिला घेऊन तिकडं एका खोलीत राहायचं आणि कुणातरी परक्या बाईच्या हाती द्यायचं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

कंपनीच्या मदत विभागातल्या बाईला फोन लावला. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, कॅमेऱ्यावर काही चिकटलंय का, बघता का?"

मी म्हटलं, "मी काय दुधखुळी आहे का? मी स्वतः हेच काम करते."

तरी नजर टाकली. काळी कड, काळा कॅमेरा, सगळं काळ्यावर काळं. काही नाही म्हणून सांगितलं. मग तिनं परवानग्या तपासायला लावल्या, सेटिंग उघडायला लावली, शेवटी कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून परत टाकायला लावला. मी फोनवर मोठ्यानं म्हणतेय, "हां, ड्रायव्हर काढला," तर सासूबाई लेकीला कडेवर घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "कुनाचा गं ड्रायव्हर काढला? गरिबाच्या पोटावर पाय आनू नगं बाई."

"आत्या, तुम्ही आत जा बघू," मी खेकसले. सासूबाईंना आमच्याकडं आत्याच म्हणतात. त्या गेल्या. खेकसायला नको होतं, पण तोंडातनं गेलं ते गेलं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्यांचाही संशय यायला लागला होता. म्हणजे कॅमेरा त्यांनी बिघडवला असा नव्हे, पण त्यांना हा लॅपटॉप मुळीच आवडत नाही असं मला वाटायचं. येता-जाता त्याच्याकडं टक लावून बघायच्या. "ह्या डब्यातनं किती मानसं बघत्यात तुला?" असं विचारायच्या. मी सांगायचे, "कधी वीस, कधी तीस." "आन समदी कुठनं बघत्यात?" मी वरच्या कडेवरचं भोक दाखवायचे. "एवढ्या बारक्यातनं?" असं म्हणून त्या चिंतेनं मान हलवत निघून जायच्या. मला वाटायचं, सुनेनं दिवसभर परक्या पुरुषांपुढं बसावं हे त्यांना खुपतंय, फक्त बोलून दाखवत नाहीत.

नवऱ्याचं म्हणणं, लॅपटॉपला मागनं एक थापड द्यावी, त्यांच्या शाळेतला जुना टीव्ही तशानंच सुरू होतो. शाळेत शास्त्र शिकवतो हा माणूस!

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी एसटीनं सांगली गाठली. बसस्टँडमागच्या एका गाळ्यात दुरुस्तीवाले बसतात, त्यांच्याकडं लॅपटॉप दिला. माणूस टापटिपीचा होता. हातात घेतल्या घेतल्या त्यानं बाटलीतलं काहीतरी फडक्यावर घेऊन लॅपटॉप आतून-बाहेरून लख्ख पुसला. मग चालू केला, तर काय? पडद्यावर मी! घामेजलेली, केस विस्कटलेली, पण मीच.

"ताई, चालतंय की ह्ये."

"नाही हो, बंद होतं. पलूसला बंद होतं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला मिरजेच्या एखाद्या डोक्याच्या डॉक्टरकडं पाठवावं का असा विचार करतोय. तरीपण काहीतरी खटपट केली, "सेटिंग मारून दिलंय" म्हणाला आणि चहाही पाजला. त्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी साहेबांना ठळक दिसले. घरी सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले, लॅपटॉपसमोर बसले, कॅमेरा लावला. अवस.

मी असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या काकू पदराला हात पुसत बघायला आल्या. नवरा शांतपणे म्हणाला, "ह्याला सांगलीचं पाणी मानवतंय, पलूसचं न्हाई." मी त्याला उशी फेकून मारली. हसू आलं होतं, पण डोळ्यांत पाणीपण आलं होतं. कारण तो दिवस गुरुवार होता. परत सांगलीला जायला सवड नव्हती.

शुक्रवारी मीटिंग सकाळीच होती. रोज लेकीची अंघोळ झाली की मी अंघोळीला जाते आणि सासूबाई तिला पावडर-काजळ करतात. काजळ त्या घरीच धरतात, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून. पेठेतल्या काजळावर त्यांचा विश्वास नाही. त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. न्हाणीत गेले आणि टॉवेल विसरला म्हणून तशीच माघारी आले.

मधल्या खोलीत सासूबाई लेकीला कडेवर घेऊन लॅपटॉपसमोर उभ्या. लेकीच्या गालावर ताजी तीट. सासूबाईंच्या बोटावर डबीतलं चांगलं बोटभर काजळ. आणि तोंडानं पुटपुटणं चाललेलं, "आज मोठं काम हाय, आज थोरली लावतो." बोट सरळ निघालं कॅमेऱ्याकडं.

"आत्या!"

त्या दचकल्या. लेक रडायला लागली. मी लॅपटॉप हिसकावून घेतला, कडेवर नख फिरवलं, तर नखात काळं तेलकट काजळ. कालची तीट! परवाची आणि त्याआधीच्या सगळ्या सांगलीच्या फडक्यानं गेल्या. रोज, माझी अंघोळ चालू असताना, लेकीपाठोपाठ लॅपटॉपला.

"आवं, काय केलंत हे? त्यातनंच तर दिसते मी! बरोब्बर त्या भोकावर कशाला लावलंत?"

"मग कुठं लावू?" त्यापण आवाज चढवून म्हणाल्या. "तूच म्हनलीस न्हवं, समदी तिथनं बघत्यात? मग दिष्ट तिथनंच यायची की! कपाळाला लावून काय उपेग?"

त्यांचं गणित बिनचूक होतं.

मग त्यांचा आवाज बसला. "ह्या गल्लीत बघ. हिच्या सुना पुन्याला, तिच्या मुंबैला. दिवाळीला येत्यात, दोन दिस ऱ्हात्यात, जात्यात. बाया मला म्हनत्यात, तुझी सून नोकरीबी करती आन घरातबी हाय, नशीबवान हायस. आसं कुनी म्हनलं की माझ्या काळजात धस्स हुतं. दिष्ट लागली आन तू गेलीस, तर मी दिसभर कुनाची भांडनं ऐकू?"

मी लॅपटॉप खाली ठेवला आणि खुर्चीत बसले. मी इतके दिवस काय समजत होते आणि ही बाई काय करत होती! लाज वाटली आणि मायाही आली, दोन्ही एकदम. रागाला जागाच उरली नाही.

मीटिंगची घंटी वाजायला लागली. मी ओढणीच्या टोकानं कॅमेरा पुसला, घासून घासून पुसला. पडद्यावर मी उगवले, अंघोळ न केलेली.

"डब्याला नगं तर नगं," सासूबाई म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत बोटावरचं सगळं काजळ त्यांनी माझ्या गालावर टेकवलं. थोरलं, वाटाण्याएवढं. मला शेवटची तीट माझ्या आईनं लावली होती, हळदीच्या दिवशी. आता आई नाही. मी हात वर नेला आणि खाली घेतला.

साहेब दिसले. मीही त्यांना दिसले. त्यांनी कामाचं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. काम तर नीट चाललंय तुमचं. राहा तिकडंच."

मग कॅमेऱ्याजवळ तोंड आणून त्यांनी डोळे बारीक केले. "मॅडम, तुमच्या गालाला काहीतरी काळं लागलंय."

"लागलेलं नाही, सर," मी म्हटलं. "आमच्या आत्यांनी लावलंय."