चाकं चार बोटं बाहेर

आमच्या साडूंनी मला आजवर जितके धक्के दिले, तितके समुद्रानं नरपडच्या किनाऱ्यालाही दिले नसतील. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. आमचं खरं नातं मात्र धक्का देणाऱ्याचं आणि तो खाणाऱ्याचं. नरपडला त्यांची चिकूची वाडी. कुठलीही वस्तू मिळाली तशी वापरायची नाही, हा त्यांचा बाणा. ताईंच्या शिलाई मशीनला त्यांनी जुन्या पंख्याची मोटर जोडली होती. ती चालू होताच ब्लाउजची बाही थेट अंगावरच्या साडीला शिवली गेली, आणि ताईंना त्याच अवस्थेत शेजारी जाऊन कात्री मागावी लागली.

२०१५ साली त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. महिनाभर काहीच घडलं नाही, म्हणून मी गाफील राहिलो. मग एका रविवारी ती गाडी डहाणूला आमच्या दारात येऊन थांबली. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि घाबरून विचारलं, भाऊंना कुठे लागलं तर नाही ना? कारण गाडीची चारही चाकं मडगार्डच्या बाहेर चार-चार बोटं आली होती. एखादा बेडूक तंगड्या फाकवून बसावा, तशी ती बसली होती. भाऊ मात्र अगदी धडधाकट, हसतमुख खाली उतरले. राज्याच्या हद्दीपलीकडच्या कुठल्याशा गॅरेजातून त्यांनी रुंद अलॉय चाकं बसवून घेतली होती. रुंद चाकांनी गाडी रस्ता धरून ठेवते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

गाडीनं रस्ता धरला की नाही ते माहीत नाही, मडगार्ड मात्र नक्की धरलं. वळणावर टायर पत्र्याला घासून असा आवाज निघे की रस्त्यावरची कुत्री उठून बाजूला होत. भाऊंनी लाकडी हातोड्यानं पत्र्याची आतली कड ठोकून वळवली. मग मागची चाकं पुढच्यांपेक्षा बोटभर आत दिसतात, हे त्यांना खुपू लागलं. त्यावर उपाय म्हणून मागे स्पेसर आले. स्पेसर म्हणजे चाक आणखी बाहेर ढकलायला मधे घालायची धातूची चकती. हे मजबूत असतं का, असं मी विचारलं. नट आवळलेत, एवढंच ते म्हणाले. बाहेर आलेली ती चाकं चिखल आत ठेवत नसत, सरळ आजूबाजूच्या जगावर उडवत. धाकट्या डहाणूला एका मावशींच्या बोंबलांच्या पाटीवर असाच चिखल उडाला. मावशी गाडीपुढे आडव्या उभ्या राहिल्या आणि अख्खी पाटी घेतल्याशिवाय त्यांनी भाऊंना सोडलं नाही. पुढचे चार दिवस आमच्या दोन्ही घरांत बोंबलांखेरीज काही शिजलं नाही.

इथवरचं सगळं हसून सांगता येतं. पुढचं नाही.

तलासरीकडे एका नातलगाच्या साखरपुड्याला आम्ही पाचजण निघालो होतो. भाऊ चालवत होते, शेजारी मी. मागे ताई, माझी बायको आणि डाव्या खिडकीशी भाऊंची एकुलती एक मुलगी, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली. साखरपुड्याआधी अच्छाडच्या बाजूला कुणालातरी भेटायचं होतं, म्हणून हायवेनं पुढे गेलो. मागून खडखड येऊ लागली. भाऊ म्हणाले, रस्ता खराब आहे. एवढ्यात गाडी मागून डावीकडे धपकन खाली बसली, पत्रा रस्त्यावर किंचाळला, आणि माझ्या खिडकीबाहेरून एक चाक आमच्या पुढे निघून गेलं. आमच्याच गाडीचं चाक. ते शांतपणे रस्ता सोडून एका धाब्यात शिरलं आणि खाटेला टेकून उभं राहिलं. मागचा ट्रक ब्रेक दाबत आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही.

भाऊ खाली उतरले. चाक निखळलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलं, मग वरच्या खिडकीकडे. मग खालच्या आवाजात म्हणाले,

"मास्तर, माझी पोर नेमकी याच्यावर बसली होती."

तलासरीचा एक म्हातारा मिस्त्री बोलावून आणला. स्पेसरच्या जाडीमुळे नट जेमतेम तीन-चार आट्यांवर अडकले होते. पण मूळ दोष ऑफसेटचा, असं तो म्हणाला. चाक गाडीला जिथं बसतं, ती जागा चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. भाऊंच्या चाकांवर तो मूळ चाकांपेक्षा फारच लहान होता, म्हणून ती बाहेर आली होती. भाऊंना ते उमगेना, तेव्हा त्यानं धाब्यावरची पाण्यानं भरलेली बादली त्यांच्या हातात दिली.

"शेठ, आधी अंगाशी धरा. आता हात लांब करून धरा."

हात लांब केल्यावर भाऊंचा खांदा थरथरायला लागला. "तुमच्या गाडीचं बेअरिंग रोज असंच उभं होतं," मिस्त्री म्हणाला.

त्या दिवसापासून भाऊ बदलले. माझे धक्के थांबले असं मात्र नाही, त्यांची जात बदलली. योग्य ऑफसेटची चाकं निवडण्यासाठी त्यांनी ताईंचं भाकरीचं पीठ पळवलं, मडगार्डच्या आतल्या कडेला ते थापलं, सगळ्यांत वजनदार म्हणून मला मागे बसवलं, बाकी जागा शेजाऱ्यांनी भरल्या आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गाडी गतिरोधकांवरून नेली. पिठावर टायरचा ठसा उमटला की चाक नापास. दोन जोड नापास झाले. तिसऱ्याला पीठ कोरं राहिलं, चाकं मडगार्डच्या आत नीट बसली, आणि भाऊ चिखलात मांडी घालून समाधानानं त्या पिठाकडे पाहत राहिले. त्या रात्री त्यांच्या घरी भात होता.

पुढे ते परक्यांच्या गाड्यांपुढेही वाकू लागले. एका लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची चाकं बाहेर आलेली दिसताच हे तिच्यापुढे रस्त्यातच बसले. वरबाप भडकले, वाजंत्री थांबली, मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. भाऊंनी आवाज चढवला नाही. अच्छाडला काय झालं, मागे कोण बसलं होतं, तेवढंच सांगितलं. नवरदेव स्वतः खाली उतरला. नवरीची पाठवणी भाऊंच्या गाडीतून झाली, तीही त्यांनी भरजरी फेट्यानिशी वाकून चारही चाकांचे नट पान्यानं तपासल्यावर.

२०१९ मध्ये त्यांच्या मुलीला सुरतेच्या एका रुग्णालयात नोकरी लागली. डहाणू रोड स्टेशनवर तिला आगगाडीत बसवायला आम्ही सगळे गेलो होतो. ताईंनी खाण्याचा डबा दिला, माझ्या बायकोनं डोळे पुसले. भाऊ कुठे दिसेनात. शोधलं, तर ते डब्याच्या टोकाशी, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, आणि डबा व फलाट यांच्यामधल्या फटीत डोकावत होते. मी जवळ गेलो.

"काही दिसत नाही, मास्तर," ते म्हणाले. "फलाट आड येतो."

गाडी हलली. मुलगी खिडकीतून हात हलवत होती. भाऊ अजून खालीच बघत होते. मी त्यांचा खांदा धरून वर केला, तेव्हा कुठे त्यांनी तिला हात केला.