साडेसातशे भागाकार

गैबी मुल्लाणी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गिअरचे दात कापतो. एकोणीस वर्षं एकच मशीन. शिक्षण सातवी, पण कुठल्या आकड्याला कशाकशानं भाग जातो हे तोंडपाठ. जितके दात पाडायचे, त्या हिशेबानं मशीनची चाकं बसवावी लागतात, आणि कशानंच भाग न जाणारा आकडा आला की माणूस रडकुंडीला येतो. एकशे सत्तावीस दातांच्या गिअरनं त्याचे दोन दिवस खाल्ले होते. असल्या आकड्याला मूळ संख्या म्हणतात, हे त्याला जिनेंद्र चौगुलेनं सांगितलं.

जिनेंद्र तिथलाच तपासनीस, बी.एस्सी. झालेला. दात पाडायच्या आधीची चकती, म्हणजे ब्लँक, तो मोजायचा आणि हिरव्या चिठ्ठीवर सही करायचा. ती सही दिसली की गैबी ब्लँक थेट मशीनवर चढवायचा. पुन्हा मोजणं म्हणजे दोस्ताचा अपमान.

एकदा जेवणाच्या सुट्टीत जिनेंद्रनं त्याला एक साखळी लिहून दिली. ३१, ३३१, ३३३१. दरवेळी पुढं एक तीन वाढवायचा. सगळ्या मूळच निघतात का, बघ म्हणाला.

गैबीला नाद लागला. वह्या भरल्या. सातवी संख्या होती ३,३३,३३,३३१. तिच्यासाठी साडेसातशेच्या आसपास भागाकार झाले, पाच महिने गेले. कशानंच भाग गेला नाही. प्रत्येक वही जिनेंद्र दोन दिवस घरी नेई आणि शेवटच्या पानावर ‘तपासले, बरोबर’ लिहून सही करून परत देई. लेक फरहीन कॉलेजात गणित शिकते. तिला गैबी अभिमानानं सांगे, माझं एकट्याचं न्हाय, दोघांनी तपासलंय.

मग आठवी घेतली, ३३,३३,३३,३३१. सात, अकरा, तेरा. चौथाच भागाकार सतराचा, आणि बाकी शून्य. तीनदा करून पाहिला. शून्यच.

त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त घाई झाली ती जिनेंद्रला सांगायची. वही घेऊन तो तपासणीच्या खोलीत गेला.

जिनेंद्र हसला. आठवीला सतरानं भाग जातो हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. गैबी कुठवर जातो याची गंमत सगळं ऑफिस बघत होतं म्हणे.

गैबीही कसंबसं हसला. गंमत चालते. मग त्यानं सातवीची वही उघडली.

“हे भागाकार तरी बघितलंस न्हवं?”

“कशाला बघू? ती मूळ हाय, म्हाईतच हाय की.”

“मग सही?”

“तुला बरं वाटावं म्हणून केली रं.”

गैबीनं वही मिटली. साडेसातशे भागाकारांत एखादा चुकला असेल, तर ते आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस ब्लँक आले. वर हिरवी चिठ्ठी, तीच वळणदार सही. गैबीनं मशीनचं बटण दाबलं नाही. चिठ्ठी काढून बाजूला ठेवली, शेजारच्या मशीनवरून मायक्रोमीटर मागून आणला आणि पहिला ब्लँक हातात घेतला.

जिनेंद्र तिथून चालला होता, थबकला. “काय करालायस गैबीभाई?”

“मोजतुय.”

“माझी सही हाय की त्यावर.”

गैबीनं दुसरा ब्लँक उचलला.